राखणीची पोती

भांडगावला हायवेच्या कडेला माझं एसटीडीचं दुकान होतं. काचेची खोली, आत फोन, बाहेर बाक. लोक काय बोलतात ते ऐकायचं नाही, हा या धंद्याचा पहिला नियम. तो मी एक दिवसही पाळला नाही. पाळणार तरी कसा? आमच्याकडची माणसं फोनवर बोलत नाहीत, ओरडतात. नागपूरला फोन लावला की आवाज आपल्याच घशानं नागपूरपर्यंत पोचवायचा आहे, असा प्रत्येकाचा समज. त्यामुळे खुटबावच्या मल्हारचं जे झालं ते मला कुणी येऊन सांगितलेलं नाही, बहुतेक सगळं मी माझ्या कानांनी ऐकलंय. आणि त्यातलं निम्मं मला आजही पटलेलं नाही, हेही आधीच सांगून टाकतो.

मल्हार धनगराचा. माझ्याच वयाचा. त्याच्या वडिलांना पंचक्रोशीत सगळे आबा म्हणायचे. आबाचा कळप मोठा. गावाकडे असला की आमच्या रानात मेंढरं बसवायचा, म्हणजे रात्री कळप आमच्या वावरात मुक्कामाला. रानाला खत मिळायचं आणि त्याबदल्यात माझा बाप आबाला ज्वारी द्यायचा. दिवाळी झाली की कळप घाट उतरून कोकणात. मल्हारचा जन्म त्या वाटेवरचा. नेमका कोणत्या गावच्या शिवारात, यावर त्याच्या आईबापाचं कधीच एकमत झालं नाही. मल्हार म्हणायचा, मी सगळ्या जिल्ह्याचा.

नव्वदनंतर रानं आवळत गेली. जिथं तिथं ऊस, राहिलेल्या माळावर कारखान्यांची कुंपणं. मेंढरं चारायची कुठं? एका शेताच्या बांधावर मेंढी चढली म्हणून आबानं म्हातारपणी शिव्या खाल्ल्या, आणि त्या उन्हाळ्यात त्यानं सगळा कळप एकदम विकून टाकला. विकताना स्वतः बाजारात उभा राहिला नाही. मल्हारला पुढं केलं आणि आपण लांब हॉटेलात बसून राहिला. समोरचा चहा तसाच गार झाला, असं हॉटेलवाला सांगायचा.

त्या पैशातून मल्हारनं ट्रक घेतला. जुनाच, सहा टायरी, पण इंजिन चांगलं. मल्हार आधी राहू गावच्या एका ड्रायव्हरकडे किन्नर, म्हणजे क्लीनर, होता, तिथंच गाडी शिकला. आबाला बँकेचं वावडं, म्हणून कर्ज काढलं नाही, होतं नव्हतं ते सगळं गाडीत घातलं. बाकी जमीन म्हणाल तर खडकाळ तुकडा, त्यात हुलगे आले तरी नवल. म्हणजे ती गाडी हीच आबाची सगळी मेंढरं, आणि मल्हार, त्याची बायको सुषमा, दोन पोरं, सगळे तिच्यावर जगणारे. आबा गाडीची चौकशीही तशीच करायचा. मल्हारचा बाहेरगावाहून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "आज कुठं बसवलीस रं?"

शिरूरचे पोपटराव कांद्याचे मोठे व्यापारी. भांडगावला माझ्या दुकानासमोर त्यांची कांदा भरायची शेड. तिथून माल मद्रासला जायचा, कलकत्त्याला जायचा, आणि पुढं पुढं बांगलादेशच्या सीमेवर जायला लागला. लांबचं भाडं मिळतं म्हणून मल्हार त्यात शिरला. त्या सीमेवरच्या नाक्याचं नाव मी इथं सांगत नाही. माझ्यापुरतं ते नाव मी विसरायचं ठरवलंय.

दोन हजार चारच्या जानेवारीत पेपरात पहिल्या पानावर आलं की सात शेजारी देशांनी मुक्त व्यापाराचा करार केला. सह्या झाल्या, हात मिळवले, फोटोत सगळे हसतायत. आणखी दोन वर्षांनी करार लागू होणार, मग एकमेकांच्या मालावरचा कर उतरत उतरत जाणार. मी मल्हारला दुकानाच्या बाकावर बसवून सगळी बातमी वाचून दाखवली.

"आता तुझी मजा हाय लेका," मी म्हटलं. "समदा एकच बाजार व्हणार."

मल्हार तंबाखू मळत होता. "बाजार व्हऊ दे की एक. गेट दोन हायत त्याचं काय?"

"म्हंजी?"

"आपलं गेट रविवारी बंद. त्यांचं शुक्रवारी. आपली दिवाळी येगळी, त्यांची ईद येगळी. हिकडं बंद पुकारला तरी गाड्या हुब्या, तिकडं पुकारला तरी हुब्या. दोन्हीकडची माणसं एका टायमाला कामावर असत्याल तवा कांदा सरकतो. कर उतरला ते कांद्याला कळत न्हाई, बन्सी. त्याला ऊब कळती."

मग त्यानं सगळी तऱ्हा सांगितली. सीमेच्या अलीकडे एक गाव. तिथं मोठ्या मैदानात गाड्या लावायच्या आणि नंबर यायची वाट बघायची. नंबर आला की गेटवर जायचं. तिथं कागद बघतात, पोती मोजतात, ड्रायव्हरला तेवढ्यापुरता पास देतात. गेट ओलांडलं की हाकेच्या अंतरावर त्यांचं आवार. आपल्या गाडीनं तिथवरच जायचं. तिथं पोती उतरवायची आणि तोच कांदा त्यांच्या गाडीत भरायचा. अलीकडचे हमाल आणि पलीकडचे हमाल बोलतात एकच भाषा, खातात तोच भात. त्यांची गाडी इकडे यायची नाही, आपली आवाराच्या पुढं जायची नाही.

"आबा मेंढरं घिऊन चार जिल्हे फिरला, त्याला कुणी पास मागितला न्हाई," मल्हार म्हणाला आणि हसला. मीही हसलो. त्या वेळी हसण्यासारखंच होतं ते.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. लाल कांदा होता. उन्हाळी कांदा चाळीत सहा महिने टिकतो, पण लाल कांद्याच्या अंगात पाणी फार. पोत्यात कोंडून ठेवला की आतून तापतो, मग घाम सुटतो, मग एक सडला की शेजारचा सडतो. पोपटरावांच्या शेडवर गाडी भरली, सुषमानं बोनेटला कुंकू लावलं, आबानं टायरांवरून हात फिरवला आणि मल्हार निघाला. नागपूर, रायपूर, खरगपूर करत वेळेत सीमेजवळ पोचलाही. आणि तिथं अडकला.

पलीकडे हरताळ होता. तो मिटला तर इकडं कागदाची कसली तपासणी निघाली. ती आटपली तोवर त्यांचा सण आला. मैदानात गाड्यांची दाटी झाली, मागून येणाऱ्या हायवेवर उभ्या राहायला लागल्या. मल्हार रोज संध्याकाळी फोन करायचा आणि मी सायकलवाल्या कुणाच्या तरी हाती खुटबावला निरोप धाडायचो. पहिले काही दिवस तो गमतीनं बोलत होता. मग एका संध्याकाळी म्हणाला, "बन्सी, कांदा तापलाय."

ताडपत्री सोडून त्यानं पोत्यात हात घातला होता. मधली पोती बरी होती, पण तळाची आणि मागच्या फाळक्याकडची ओली झाली होती, खाली पाणी गळत होतं. ती तशीच ठेवली तर सगळी गाडी जाणार होती. नंबर कधी लागेल ते कुणीच सांगत नव्हतं.

इथं मला आबाची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कळप वाटेवर असताना एखादी मेंढी लंगडायला लागली, किंवा नुकती व्याली असली, तर तिला बळंच ओढत न्यायची नाही. वाटेवरच्या ओळखीच्या घरी ती राखणीला ठेवायची. कागद नाही, साक्षीदार नाही. परतीला मेंढी आपली, मधल्या काळातलं दूध त्यांचं, कोकरू जगलं तर निम्मं निम्मं. त्या घरची माणसं कधी जातीची नसायची, नात्याची नसायची, एकदा पाणी पाजलं एवढीच ओळख. त्यातल्या कुणी मेंढी बुडवली का कधी, असं मी आबाला एकदा विचारलं होतं, तर त्याला माझा प्रश्नच कळला नाही.

मैदानाच्या कडेला शेफाली नावाची बाई ड्रायव्हर लोकांना भात रांधून द्यायची. तिचा नवरा सायकलचा गाडा ओढायचा. मल्हार पहिल्या खेपेपासून तिच्याकडेच जेवायचा, मासा खायला तो तिथंच शिकला. मल्हारनं ओली पोती तिच्या अंगणात उतरवली. कांदा पसरला, सडका काढून टाकला. तिला म्हणाला, वाळव, निवड, पोत्यात भरून ठेव. मी चांगला माल पलीकडं उतरवून येतो. आलो की निम्मा तुझा, निम्मा मी वाटेत विकून मालकाला हिशेब देतो.

दुसऱ्या दिवशी मला फोनवर आनंदानं सांगत होता, "ओली पोती राखणीला ठेवली. गाडीला वारा लागला आता, बाकीचा माल टिकतोय बघ."

मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. आबाला सांगितलं तर तोही म्हणाला, झ्याक केलं. आमच्यातल्या कुणालाच वावगं वाटलं नसतं. लंगडी मेंढी आपण मागं ठेवतो, त्यात लपवायचं काय?

आणि अगदी त्याच रात्री गेट उघडलं, सकाळी मल्हारचा नंबर लागला. गेटवर पोती मोजली. कागदावर होती त्यापेक्षा कमी भरली.

त्या अधिकाऱ्याला मी नावं ठेवत नाही. मल्हारनंही कधी ठेवली नाहीत. त्या भागातून रात्री डोक्यावरून, नदीतून, जमेल तसा माल चोरून पलीकडे जायचा. म्हणून परदेशासाठी निघालेला माल सीमेच्या अलीकडे कुठंही परवानगीवाचून उतरवला की तो चोरटा धरायचा, असा तिथला शिरस्ता. मल्हारला तो ठाऊक नव्हता असंही नाही. पण तो नियम चोरांसाठी आहे, असं तो समजून चालला होता.

त्याला विचारलं, "बाकी माल कहाँ है?"

तो म्हणाला, "राखने को दिया है, साहेब."

"बेचा?"

"बेचा नहीं. राखने को दिया."

"जिसको दिया वो कौन है तुम्हारी?"

"कोई नहीं."

"कोई नहीं, तो तुम्हारा माल क्यों सँभालेगी?"

संध्याकाळी फोनवर मल्हार मला तेच तेच विचारत राहिला. "बन्सी, हेला काय उत्तर द्याचं? तूच सांग. कोण न्हाई माझी, तरी सांभाळती. कसं सांगू?" गाडी अडकवून ठेवली होती. त्याला मात्र फिरायला मोकळीक होती, कारण गाडी सोडून तो पळणार नाही हे त्यांनाही कळलं असावं. मी दुकानाला कुलूप घातलं आणि समोरच्या शेडवर पोपटरावांना गाठलं.

पोपटराव वजनकाट्याजवळ खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "कागदावर माझं नाव हाय, बन्सी," ते म्हणाले. "माल कुणी आन् का उतरवला ते मला ठाव न्हाई, एवढं मी कळवलंय त्यास्नी. मी कांदा विकतो, भानगडी न्हाई."

"तुमचाच कांदा वाचवला त्यानं!"

"मी कुठं सांगितलं हुतं वाचव म्हणून?"

यावर मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेडमधल्या बायका निवडायच्या थांबून बघत होत्या. पोपटरावांनी मान खाली घातली, पण शब्द काही फिरवला नाही.

तोवर तिकडे शेफालीला कळलं. मल्हारची गाडी पोती कमी भरली म्हणून धरली, एवढंच तिच्या कानावर आलं. बाईनं नवऱ्याचा गाडा काढला. वाळवलेला, निवडलेला कांदा पोत्यांत भरला, शेजारणींना ढकलायला घेतलं आणि सगळी पोती थेट ऑफिसच्या दारात आणून उभी केली. अर्धा वाटा ठरला होता, तोही ठेवून घेतला नाही. म्हणाली, ही घ्या याची पोती, मोजून घ्या, आता सोडा याला. मल्हार सांगत होता, तिला बघून मला वाटलं, सुटलो.

पण बुडाला तो त्यामुळंच. आधी नुसती पोती कमी होती; राखणीचं मल्हार बोलला होता ते तोंडीच, लिहून कुणी घेतलं नव्हतं. वाटेत सडली, पडली, काहीही लिहून देता आलं असतं, थोडक्यात भागलं असतं. आता माल गाडीतून उतरवला होता याचा पुरावा स्वतः चालत दारात आला होता. आणि ज्या घरात तो ठेवला, ते घरही सापडलं.

तिथं गाड्यांचे कागद करून देणारा एक दलाल होता. त्यानं मल्हारला बाजूला घेऊन समजावलं. सोपं आहे म्हणाला. लिहून दे की तू झोपला होतास आणि या बाईनं पोती चोरली. चोरीचा माल सापडला, मोजणी जमली, तुझी गाडी उद्या मोकळी. नाहीतर लिहून दे की तूच उतरवली. मग बाईला कुणी हात लावत नाही, ती नुसती सांगकामी ठरते. पण गाडी सरकारजमा.

हे मल्हारनं मला फोनवर सांगितलं आणि म्हणाला, "उद्या सकाळी आबाला बोलीव."

"आबाला कशाला? बाईचं नाव घे आन् मोकळा हो!" मी ओरडलो. "गरीब बाई हाय, चार दिवस चौकीत बसवत्याल आन् सोडत्याल. तुझी गाडी गेली तर काय राहिलं तुझ्यापाशी?"

"उद्या आबाला बोलीव," तो परत म्हणाला.

सकाळी मी आबाला मोटारसायकलवर घालून आणला. वाटेत, खरं म्हणजे वाटभर, मी त्याला पटवत होतो. आबा, ती परमुलखातली बाई. आबा, तुमची नातवंडं. आबा, ते लोक बायामाणसांना काही करत नाहीत. दुकानात आल्यावर आबा बाकावर बसला आणि पहिल्यांदा बोलला.

"सोडतील म्हणतोस तिला?"

"सोडतील की."

"तुला ठाव हाय?"

मला काय ठाव असणार? तेवढ्यात फोन वाजला. मी आबाच्या हातात रिसीव्हर दिला. त्यानं तो उलटा धरला, मी सुलटा केला.

"मल्हार," आबा ओरडला. "ती बाई सवता पोती घिऊन आली?"

मल्हारचाही आवाज मोठा, बाहेर मला स्वच्छ येत होता. "व्हय आबा."

"समदी?"

"समदी. वाळवून, निवडून. कांद्यावर एक डाग न्हाई."

"तिचं घर कसं हाय?"

"कुडाचं. दोन लेकरं हायती. नवरा गाडा वढतो."

आबानं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाला, "मग तिचं नाव कसं घ्याचं रं?"

"आबा, गाडी जाईल. न्हाई घेतलं तर गाडी जाईल. तुमची समदी मेंढरं गेली म्हंजी."

"कळलं. मी भैरा न्हाई."

"तुम्ही सांगा. तुम्ही म्हनशीला तसं करतो."

"तू ठरवूनच फोन केलास," आबा म्हणाला. आता तो ओरडत नव्हता, मला कान द्यावा लागला. "काय करनार हाईस ते तुला आधीच ठाव हाय. मी व्हय म्हनावं, म्हणून इचारतोस. व्हय. म्हटलं."

त्यानं रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि बाहेर येऊन बाकावर बसला. आणि रडला. गप्प आसवं गाळत नाही, चांगला हुंदके देऊन, गुडघ्यावर मुठी आपटत रडला. एसटीची वाट बघणारी माणसं उठून जवळ आली. कुणी गेलं का, म्हणून विचारायला लागली. मी त्यांना बाजूला सारलं. पाणी आणून दिलं. ते त्यानं तोंडावर मारलं आणि चालत खुटबावला निघाला. मोटारसायकलवर बस म्हटलं तर बसला नाही.

मल्हारनं लिहून दिलं. शेफालीला त्यातलं काही कळू दिलं नाही. थोड्या दिवसांत गाडी सोडतील, काळजी करू नको, असं सांगून आणि दुकानाचा नंबर देऊन तो रेल्वेनं निघाला. आबा त्याला आणायला दौंड स्टेशनात गेला होता. दोघं बापलेक काय बोलले ते मला माहीत नाही. तिथं फोन नव्हता आणि मीही नव्हतो.

गाडी सोडवायला पुढं एक वकील गाठून दिला कुणीतरी. कलकत्त्याच्या तारखा. एका तारखेला जायचं म्हणजे चार दिवसांची मजुरी बुडवून जायचं. दंड भरून गाडी घेऊन जा म्हणाले, पण दंड भरायला जे होतं ते त्या गाडीतच होतं. दोनदा जाऊन मल्हारनं नाद सोडला. आता हंगामात उसाच्या ट्रॅक्टरवर असतो, दुसऱ्याच्या. काम चोख करतो, पण बोलणं कमी झालंय. गमती करायचा तो मल्हार मला नंतर दिसलाच नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

सगळ्यांत जास्त भडकली ती सुषमा. सुरुवातीला तिनं सासऱ्याला जेवायला वाढायचं तेवढं वाढलं, पण बोलायची नाही. एकदा माझ्या दुकानात आली तेव्हा तिनं मनातलं ओतलं. "भावजी, बापानं इचारलं, लेकानं सांगितलं. त्या बाईची दोन लेकरं दोघांस्नी दिसली. माझी दोन न्हाई दिसली कुणाला? मला एकदा फोन द्याचा हुता की हातात!"

मी म्हटलं, तुझं बरोबर आहे. आजही म्हणतो. आबाला देवमाणूस म्हणणारे गावात पुष्कळ आहेत. त्यांच्यातल्या एकानंही मल्हारला गाडी घेऊन दिली नाही. घराचं दाणापाणी सुषमाच्या अंगावर पडलं. ती पोपटरावांच्याच शेडमध्ये कांदा निवडायला जायला लागली. सडका एकीकडे, मोड आलेला एकीकडे, चांगला पोत्यात. पोती भरली की त्याच सीमेवर जाणाऱ्या गाड्यांत.

करार लागू झाला तेव्हा पोपटरावांनी शेडवर पेढे वाटले. आता बाजार खुला झाला, म्हणाले. पेढ्याचा पुडा माझ्याकडेही आला. मी तो बाकावर ठेवला, कुणी खाल्ला ते बघितलं नाही. तिकडून येणारे ड्रायव्हर सांगत होते, मैदानात अजून तशीच दाटी असते.

त्यानंतर काही दिवसांनी दुपारची वेळ. शेडमध्ये जेवणाची सुट्टी होती, सुषमा माझ्याकडे पाणी प्यायला आली होती. फोन वाजला. मी उचलला. पलीकडून बाईचा आवाज, घाईघाईनं, हिंदी म्हणावी तर हिंदी नाही. दोनदा विचारल्यावर कळलं. शेफाली होती. नंबर जपून ठेवला होता तिनं, आणि कुणाच्या तरी मदतीनं पहिल्यांदाच एवढ्या लांब फोन लावला होता. विचारत होती, मल्लार दादा परत का आला नाही? गाडी मिली ना?

माझं डोकंच फिरलं. ही बाई पोती घेऊन दारात उभी राहिली नसती तर! आणि आता विचारतेय, मिळाली का. मी तोंड उघडलं होतं. तुझ्यापायी एक घर बुडालं, असं तिला स्वच्छ सांगणार होतो. सुषमानं माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं कोण आहे ते. हातातला तांब्या खाली ठेवला आणि रिसीव्हर माझ्या हातातून ओढून घेतला. मला वाटलं, बरं झालं, हिनंच सांगावं.

"हां," सुषमा म्हणाली. "मैं मल्हार की घरवाली. हां. मिल गया. गाडी मिल गया."

पलीकडून शेफाली बराच वेळ काहीतरी बोलत होती. रडत होती की हसत होती, मला बाहेरून समजेना. सुषमा नुसती हां, हां करत होती.

"वो घर पे नहीं है. गाडी लेके गये हैं, दूर," ती म्हणाली. "सब ठीक है, बहन. तुम फिकिर मत करो."

फोन ठेवला तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. शेडमध्ये सुट्टी संपल्याची हाक झाली. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि पायरी उतरता उतरता मला म्हणाली, "भावजी, तिचा परत फोन आला तर ह्येच सांगा."